सात संस्कार आणि ज्यू परंपरा: धागा कुठे पक्का, कुठे ओढूनताणून

प्रश्न असा आला आहे: "धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतात, की कॅथलिक चर्चच्या सातही संस्कारांची पूर्वचिन्हे जुन्या करारात आणि ज्यू परंपरेत आहेत. माझा मित्र म्हणतो, हे सगळे मागाहून जुळवलेले आहे. सात खाने केले आणि हाताला लागेल ते त्यांत भरले. खरे काय? शिवाय आमच्या धर्मग्रामात ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ज्यूंसारखे वल्हांडणाचे (मिसर, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाचे) जेवण ठेवायचे घाटते आहे. ते करावे का?"

मी वसईकडे प्रौढांना धर्मशिक्षण देते. हा प्रश्न वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मित्राचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. 'संस्कार सात' असे बायबलमध्ये कुठेही मोजून दिलेले नाही. ती यादी पक्की झाली बाराव्या शतकात, पॅरिसच्या पीटर लोंबार्ड या धर्मपंडिताच्या लिखाणातून. पुढे १४३९ साली फ्लॉरेन्सच्या आणि १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे मोशेने सात गोष्टींचा आराखडा आखून ठेवला आणि येशूने तो एकेक करून पुरा केला, असे चित्र रंगवणे चूकच. आणि गंमत म्हणजे तसे चित्र चर्चच्या मोठ्या पंडितांनीही रंगवलेले नाही. संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात नेमका हाच प्रश्न स्वतःला घातला: नव्या करारातल्या संस्कारांना जुन्या करारात जोड काय? त्याचे उत्तर असे. स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) सुंता, ख्रिस्तप्रसादाला (मिस्सा या उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाला) वल्हांडणाच्या कोकराचे भोजन, प्रायश्चित्ताला शुद्धीकरणाचे विधी, गुरुदीक्षेला (धर्मगुरू होण्याच्या विधीला) याजकांचा अभिषेक. झाले चार. दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्म्याची दाने मागण्याच्या विधीला) जोड नाही, कारण ते कृपेच्या परिपूर्णतेचे चिन्ह आणि ती वेळ तेव्हा आलेली नव्हती. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगालाही नाही. विवाह होता, पण माणसाच्या स्वभावातले नाते म्हणून. ख्रिस्त आणि चर्च यांच्या मीलनाचे चिन्ह म्हणून नव्हे. अक्वायनस तीन खाने रिकामे ठेवतो आणि आपल्या पुस्तिका सातही भरून मोकळ्या होतात.

मित्राचे दुसरे अर्धे मात्र चुकते. जुळवाजुळव मध्ययुगात सुरू झाली असे नाही. करिंथकरांना पहिले पत्र संत पॉलने लिहिले ते साधारण इसवी सन ५५च्या आसपास, येशूच्या मृत्यूला जेमतेम पंचवीस वर्षे होत होती. त्यात तो लिहितो, की आपले पूर्वज मेघाखाली होते, समुद्रातून पार गेले, मोशेत त्यांचा बाप्तिस्मा झाला, सर्वांनी एकच आत्मिक अन्न खाल्ले. त्याच पत्रात 'ख्रिस्त हा आपला वल्हांडण' असेही आहे. लिहिणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, शास्त्र शिकलेला ज्यू. बाहेरून येऊन त्याने दुसऱ्याच्या ग्रंथातून काही उचलले नव्हते. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टींतूनच तो नव्या अनुभवाचा अर्थ लावत होता.

मग खरा धागा आणि ओढूनताणून लावलेला धागा वेगळे कसे करायचे? मी एक कसोटी वापरते. तो संस्कार देताना चर्च जी प्रार्थना मोठ्याने म्हणते, तिच्यात जुन्या करारातली ती गोष्ट आहे का? असली, तर तो धागा चर्चने स्वतः विणलेला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी ठेवला आहे. नसली, तर ती प्रवचनकाराची कल्पना. कल्पना सुंदर असू शकते, पण तिच्यावर इमारत उभारू नये.

ईस्टरच्या जागरणविधीत बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देतानाची प्रार्थना लक्ष देऊन ऐका. आरंभी पाण्यावर तरंगणारा आत्मा, मग जलप्रलय, मग लाल समुद्रातून कोरड्या पायांनी पार झालेले अब्राहामाचे वंशज, मग यार्देन नदी. त्या रात्रीची जुन्या करारातली वाचने वेळेअभावी कमी करता येतात, पण निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाचे, समुद्र पार करण्याचे वाचन कधीच गाळता येत नाही. एवढे घट्ट नाते दुसऱ्या कुठल्या संस्काराचे नाही. अक्वायनसने सुंतेची जोड दिली. कलस्सैकरांच्या पत्राचा तिला आधार आहे आणि एकेकाळी ती फार अक्षरशः घेतली गेली होती. साधारण २५३ साली आफ्रिकेतल्या फिदुस नावाच्या बिशपने विचारले, की सुंता आठव्या दिवशी होते, तर बाळाला बाप्तिस्माही आठव्या दिवसापर्यंत देऊ नये ना? कार्थेजच्या सिप्रियनने ६६ बिशपांच्या सभेचा निर्णय कळवला: थांबायचे कारण नाही, देवाची दया जन्मलेल्या कुणालाही नाकारायची नाही. जोड मान्य, पण तिची गुलामी नको, हे तिसऱ्या शतकातच ठरून गेले होते.

पण विधी म्हणून बाप्तिस्म्याचा सख्खा शेजारी सुंता नव्हे. तो आहे मिकवे, ज्यूंचे शुद्धिस्नानाचे कुंड. यरुशलेमच्या मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांजवळ, मृत समुद्राकाठच्या कुमरानमध्ये, मसादाच्या किल्ल्यावर येशूच्या काळची अशी कुंडे उत्खननात सापडली आहेत: खडकात खोदलेली, चुन्याचा गिलावा दिलेली, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात कुंडाला किमान ४० सआ (हे जुने माप) पाणी लागते, आणि ते भांड्याने भरलेले नव्हे, पावसाचे किंवा झऱ्याचे. सर्वांत वरच्या दर्जाचे पाणी वाहते, 'जिवंत'. आता याच्या शेजारी 'दिदाखे' ठेवा, आद्य ख्रिस्ती मंडळीची छोटी नियमपुस्तिका. तिचा सातवा अध्याय सांगतो: जिवंत पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार पाणी नसेल तर कोमट चालेल, दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. हा परिच्छेद वर्गात वाचला की लोक हसतात, कारण त्यात एका व्यवहारी माणसाचा आवाज ऐकू येतो. पाण्याची अशी उतरंड लावणारा माणूस मिकवेच्या नियमांत वाढलेला असणार, हे वेगळे सिद्ध करायला नको. आपल्या चर्चमधल्या बाप्तिस्माकुंडावर ओंजळभर पाणी तीनदा ओततात, ते त्या यादीतले अगदी शेवटचे पाऊल.

फरकही सांगायला हवा. मिकवेत माणूस स्वतःच बुडी मारतो आणि आयुष्यात कितीदा तरी. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून होतो आणि एकदाच. हे वळण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडून आले. ज्यू धर्मात येणाऱ्या परक्याचे स्नान त्यातल्या त्यात जवळचे: तेही प्रवेशाचे स्नान, आणि अशा माणसाला नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखे मानावे असे तालमूद हा मिश्नावरचा ज्यू भाष्यग्रंथ म्हणतो.

ख्रिस्तप्रसादावर थोडे जास्त थांबते, कारण तिथे सांगण्यासारखे फार आहे आणि चुकीचेही फार सांगितले जाते.

कोकरू, रक्त, बेखमीर भाकर हे साम्य सर्वांना पाठ असते. माझ्या मते महत्त्वाचे आहे ते आठवण करण्याची ज्यू रीत. मिश्नातले वल्हांडणाबद्दलचे वचन आहे: प्रत्येक पिढीतल्या माणसाने स्वतःकडे असे पाहावे, की जणू तो स्वतःच मिसरातून बाहेर आला. आमचे खापरपणजोबा गुलाम होते, असे तो सांगत नाही. मी गुलाम होतो, मला सोडवले, असे म्हणत तो जेवतो. 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे वाक्य येशू ज्यांना उद्देशून बोलला, ती माणसे लहानपणापासून दर वर्षी अशीच आठवण करत आलेली होती. कॅथलिक चर्चचा १९९२चा धर्मशिक्षण-ग्रंथ मिस्सेला 'स्मरण' म्हणतो तेव्हा तो वल्हांडणाच्याच या रीतीकडे बोट दाखवतो: घटना मागे राहत नाही, विधी करणाऱ्यांसमोर येऊन उभी राहते. हे कळले नाही, तर मिस्सा म्हणजे पुण्यतिथीला फोटोला हार घालण्यासारखे वाटायला लागते. माझ्या अनुभवात तरुण मंडळी मिस्सेला कंटाळतात त्याचे एक कारण हेच.

आता शेवटचे भोजन खरोखर वल्हांडणाचे जेवण होते का? मत्तय, मार्क, लूक म्हणतात होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला वधस्तंभावर दिले तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस; जेवण त्या संध्याकाळी व्हायचे होते. जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार सांगतो, की कोकरे कापायची वेळ नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत, म्हणजे आपल्या तीन ते पाचच्या सुमारास. योहानाच्या हिशेबाने मंदिरात कोकरे कापली जात होती त्याच दुपारी गावाबाहेर येशू प्राण सोडत होता, आणि म्हणूनच योहान आवर्जून सांगतो, की त्याचे हाड मोडले नाही. कोकराचेही मोडायचे नसते. दोन हिशेब जुळत नाहीत. मी दोन्ही सांगते आणि जुळवण्याच्या भानगडीत पडत नाही. दोन्हीकडे वल्हांडण आहेच, एकीकडे ताटात, एकीकडे वधस्तंभावर. मिस्सेतली भाकर बेखमीर का, याचे उत्तरही इथेच आहे. पौर्वात्य ग्रीक चर्च खमिराची भाकर वापरते, आणि १०५४च्या सुमारास रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जे फाटले त्यात हा भाकरीचा वादही तावातावाने चालला होता.

वल्हांडणावरच सगळे थांबतात आणि सीनाय पर्वत विसरतात, हे मला खटकते. निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात मोशे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो, ते 'कराराचे रक्त' म्हणतो; आणि लगेच पुढे इस्राएलचे ७० वडीलधारे पर्वतावर जातात, देवाला पाहतात आणि खातात-पितात. प्याला हातात घेऊन येशू 'हे माझे कराराचे रक्त' म्हणाला, तेव्हा बारा ज्यू माणसांना काय आठवले असेल? तसेच जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातले आभाराचे अर्पण. संकटातून सुटलेला माणूस ते करी. त्यात मांसाबरोबर भाकरी असत आणि सगळे त्याच दिवशी संपवावे लागे, म्हणजे चार माणसे बोलावणे आलेच. ज्यू गुरूंचे एक जुने वचन आहे, की येणाऱ्या युगात सगळी अर्पणे बंद होतील, आभाराचे तेवढे राहील. मिस्सेचा प्राण आभार हाच आहे, तेव्हा या ओळीवर मी वर्गात हमखास थांबते.

समक्षतेच्या भाकरींचे मात्र जपून. मंदिरात सोन्याच्या मेजावर बारा भाकरी असत, दर शब्बाथला (शनिवारी, विसाव्याच्या दिवशी) बदलत. इसवी सन ७० साली मंदिर पाडणारा रोमन सेनापती तीतस याच्या रोममधल्या कमानीवर लुटीच्या मिरवणुकीत ते मेज कोरलेले आजही दिसते. तालमूदात अशी कथा आहे, की सणाला आलेल्या यात्रेकरूंसमोर याजक ते मेज उचलून धरत आणि म्हणत, 'पाहा, देवाचे तुमच्यावर किती प्रेम आहे'. आठवडाभर ठेवलेली भाकर काढताना ठेवताना होती तशीच ऊन असे, असेही ती कथा सांगते. ऐकताच आपल्याला मिस्सेत उंच धरलेली भाकर दिसते. पण तालमूद लिहून झाला मंदिर पाडल्यानंतर काही शतकांनी, आणि मिस्सेत भाकर लोकांना दिसेल अशी उंच धरण्याची प्रथा तेराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पॅरिसकडे सुरू झाली. एकातून दुसरे आले असे म्हणायला काडीचा पुरावा नाही. दोन्हीकडच्या भक्तांना एकच ओढ होती, एवढे म्हणून थांबावे. उलट मिस्सेतल्या पहिल्या युकॅरिस्टिक (ख्रिस्तप्रसादाच्या) प्रार्थनेत हाबेल, अब्राहाम आणि भाकर-द्राक्षारस अर्पण करणारा मलकीसदेक ही नावे स्पष्ट येतात; माझ्या कसोटीला ती उतरतात. रावेन्नाच्या सान विताले चर्चमध्ये सहाव्या शतकातल्या रंगीत खड्यांच्या भित्तिचित्रात हाबेल आणि मलकीसदेक एकाच वेदीच्या दोन बाजूंना उभे केले आहेत.

काही धागे तर आपल्या आजीआजोबांच्या हयातीत विणले गेले. भाकर वेदीवर ठेवताना धर्मगुरू विश्वाच्या देवाची स्तुती करतात, भूमीने दिलेल्या आणि माणसाच्या श्रमाने झालेल्या भाकरीबद्दल. ज्यू घरात जेवणाआधी म्हणतात त्या आशीर्वचनाचा तो साचा आहे, आणि मिस्सेत तो आला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर, पोप पॉल सहावे यांच्या १९७०च्या मिस्साग्रंथातून. त्याआधी तिथे मध्ययुगीन लॅटिन प्रार्थना होती. तेव्हा 'मागाहून जुळवले' हा मित्राचा आरोप इथे शब्दशः खरा आहे, फक्त तो आरोप वाटायचे कारण नाही. चर्चने जाणूनबुजून, मान देऊन ते घेतले.

तेलाकडे वळू. दृढीकरणाचे क्रिझ्मा तेल म्हणजे सुगंधी द्रव्य मिसळलेले ऑलिव्हचे तेल, बिशपने पवित्र केलेले. निर्गमच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची अक्षरशः पाककृती आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५००, आणि एक हिन ऑलिव्ह तेल. आणि ताकीद, की असे तेल घरी करायचे नाही. क्रिझ्माच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेत नोहाच्या कबुतराची ऑलिव्हची डहाळी आहे आणि मोशेने अहरोनाला, म्हणजे आपल्या भावाला, पहिल्या मुख्य याजकाला, घातलेला अभिषेकही आहे. दृढीकरण देताना बिशप आत्म्याची जी दाने मागतो ती यशयाच्या अकराव्या अध्यायातली. म्हणजे अक्वायनसने रिकामा ठेवलेला खाना चर्चच्या प्रार्थनेने पुरता रिकामा ठेवलेला नाही. तेलाला पूर्वज आहे, विधीला नाही, असे मी म्हणते. बार मिट्झ्वा या ज्यू मुलाच्या वयात येण्याच्या समारंभाशी दृढीकरणाची तुलना मात्र करू नका. ती हल्ली सर्रास ऐकू येते. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याच्यावर आज्ञा बंधनकारक होतात हे जुने, पण त्याचा समारंभ मध्ययुगातला. उलट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या सुधारणावादी ज्यूंनी ख्रिस्ती लोकांचे पाहून आपल्याकडे 'कन्फर्मेशन' सुरू केले. तिथे गंगा उलटी वाहिली.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला अक्वायनस पूर्वज देत नाही आणि तेलाच्या आशीर्वादातही जुन्या करारातले उदाहरण नाही. तरी लेवीयचा चौदावा अध्याय मला सोडवत नाही. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस याजकापुढे उभा आहे. याजक डाव्या तळहातावर तेल घेतो, उजव्या बोटाने त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो आणि उरलेले डोक्यावर. याजकांचा अभिषेक होताना याच तीन जागांना रक्त लावतात. जो कालपर्यंत छावणीबाहेर 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत हिंडत होता, त्याला अहरोनाच्या मुलांसारखे स्पर्श करून परत आत घेतले जाते. आपले जुने धर्मगुरू आजाऱ्याच्या डोळ्यांना, कानांना, नाकाला, ओठांना, हातापायांना तेल लावत. १९७२च्या सुधारणेनंतर कपाळ आणि हात एवढेच राहिले. मात्र लेवीयमधले तेल बरे झाल्यावरचे आहे, बरे करणारे नव्हे. म्हणून हा माझा लाडका धागा असला तरी तो माझा. चर्चचा म्हणून मी शिकवत नाही. चर्चचा आधार नव्या करारातले याकोबाचे पत्र आहे आणि तो पुरेसा आहे.

कुमसाराचे, म्हणजे प्रायश्चित्ताच्या संस्काराचे काय? लेवीय आणि गणना या पुस्तकांत पाप कबूल करणे, अर्पण आणणे, आणि ज्याचे बुडवले त्याला एक पंचमांश जास्त घालून परत करणे हे तिन्ही एकत्र येते. ही भरपाईची गोष्ट आपल्याकडे फारच पातळ झाली आहे. तीनदा 'नमो मरिया' म्हणून चोरलेले शेत परत होत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक जिवंत बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करी. आणि मिश्नातले एक वचन तर कुमसाराच्या खोलीबाहेर लावावे असे आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांची क्षमा प्रायश्चित्ताच्या दिवसाने होते, पण माणसामाणसातल्या पापांची होत नाही, जोवर तो त्या दुसऱ्याची समजूत काढत नाही. एकट्याने धर्मगुरूच्या कानात सांगायची पद्धत मात्र ज्यू नव्हे. ती आयर्लंडच्या मठवासीयांनी सहाव्या-सातव्या शतकापासून युरोपात नेली, आणि वर्षातून एकदा तरी कुमसार कराच हा नियम १२१५चा. रब्बी, म्हणजे ज्यू गुरू, कुणाचा कुमसार ऐकत नाही.

गुरुदीक्षेत कसोटी पुन्हा घवघवीत लागू पडते. धर्मगुरूच्या दीक्षेच्या प्रार्थनेत मोशेबरोबरचे ७० वडील आणि अहरोनाचे पुत्र, डीकनच्या (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाच्या) दीक्षेत लेवीचे पुत्र. हात ठेवण्याची रीत मोशेने यहोशवावर हात ठेवले तिथून. पण एक फरक ठळक आहे. अहरोनाचे याजकपण रक्ताने येते, बापाकडून मुलाकडे. ख्रिस्ती धर्मगुरू तसा होत नाही, आणि नव्या करारात 'याजक' हा शब्द चर्चच्या सेवकांना लावलेला नाही; इब्री लोकांच्या पत्रात नव्या कराराचा याजक म्हणून तो एकट्या ख्रिस्ताला आहे. सेवकांना 'वडील' म्हटले आहे, आणि ते मंदिरातून नव्हे, सभास्थानातून आले. यरुशलेममध्ये सापडलेला थिओदोतसचा ग्रीक शिलालेख, सर्वसाधारण मताने इसवी सन ७०च्या आधीचा, सभास्थान बांधणाऱ्यांत 'वडीलधाऱ्यां'चा उल्लेख करतो: शास्त्र वाचायला, आज्ञा शिकवायला आणि परगावच्यांना उतरायला बांधलेली इमारत. आपल्या धर्मगुरूचे निम्मे काम तिथेच लिहिलेले आहे.

विवाहाबद्दल फार लिहीत नाही. होशेय आणि यशया देवाला नवरा आणि इस्राएलला नवरी म्हणतात, मलाखी पत्नीला 'कराराची' म्हणतो, तोबियाची लग्नाच्या रात्रीची प्रार्थना आपल्या विवाहविधीत वाचतात, आणि जुन्या लॅटिन आशीर्वादात नवरीसाठी राहेल, रिबेका आणि सारा यांची उदाहरणे होती. प्रार्थनेतला धागा पक्का आहे, एवढे पुरे.

आता जे पुस्तिकांत नसते ते. 'छाया' आणि 'नमुना' या भाषेला काळी बाजू आहे. दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो याने वल्हांडणावर अप्रतिम प्रवचन लिहिले. त्यात तो म्हणतो, की मूर्तीआधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतात, आणि खरी वस्तू तयार झाली की नमुना टाकून देतात. त्याच प्रवचनात पुढे इस्राएलवर देवाला मारल्याचा आरोप आहे. टाकून द्यायच्या नमुन्यापासून टाकून द्यायच्या माणसांपर्यंतची वाट किती छोटी असते, हे आपल्याला गोव्यात दिसते. १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शिक्षा करणारे न्यायालय, आले, आणि पोर्तुगालमधून आलेल्या, पूर्वज ज्यू असलेल्या ख्रिस्ती लोकांचा गुप्तपणे ज्यू सण-उपास पाळल्याच्या संशयावरून छळ झाला. नामांकित वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. ज्या परंपरेला आपण संस्कारांची जननी म्हणतो, ती पाळल्याबद्दल आपल्याच लोकांनी हे केले. वर्गात मी हे सांगते. काहींना आवडत नाही.

चर्चने आपली भाषा बदलली आहे. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतून ज्यूंना लावलेले 'विश्वासघातकी' हे विशेषण पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली काढले, १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने सर्व ज्यूंवर दोष ठेवणे नाकारले, आणि पोप जॉन पॉल दुसरे १९८० साली जर्मनीतल्या माइन्झमध्ये म्हणाले, की देवाने जुना करार कधी रद्द केलेला नाही. तेव्हा शिकवताना 'ज्यूंकडे नुसती सावली होती' असे म्हणू नका. लेवीयमधल्या त्या बऱ्या झालेल्या माणसाला कानाच्या पाळीवर लागलेले तेल खरेच होते.

शेवटी तुमचे पवित्र गुरुवारचे जेवण. करू नका. एक तर आज ज्यू घरांत होते ते सेदेर (वल्हांडणाच्या रात्रीचे जेवण), त्याचा हग्गादा (त्या रात्री वाचायची पोथी), चार प्याल्यांचा क्रम हे सगळे मंदिर पडल्यानंतर रब्बींच्या हातून आकाराला आले. येशूच्या मेजावर नेमके तेच होते असे दाखवणे म्हणजे नाटक. दुसरे, ती एका जिवंत धर्माची प्रार्थना आहे. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांच्या १९८८च्या मार्गदर्शनात हे स्वच्छ सांगितले आहे, की सेदेरच्या शेवटी नव्या करारातली वाचने जोडून त्याला 'बाप्तिस्मा देणे' किंवा मिस्सेची प्रस्तावना करणे चूक आहे. त्या संध्याकाळच्या मिस्सेत पहिले वाचन निर्गमच्या बाराव्या अध्यायातले, वल्हांडणाचेच असते. ते चांगल्या वाचणाऱ्याकडे द्या, आदल्या आठवड्यात वर्गात ओळ न ओळ समजावून सांगा. हग्गादा पाहायचाच असेल तर मराठीतच आहे: १८७४ साली पुण्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांसाठी इब्री आणि मराठीत छापला गेला, आणि त्याच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. अलिबाग, ठाणे, मुंबईत बेने इस्राएल कुटुंबे आजही आहेत; काळ्या मनुका भिजवून केलेल्या रसावर किद्दुश (सणाचे आशीर्वचन) म्हणायची त्यांची जुनी रीत आहे. ओळख असेल आणि त्यांनी आपणहून बोलावले तर पाहुणे म्हणून जरूर जा. मुलांना नेणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण जेवण उशिरापर्यंत चालते. आणि रात्रीचे चार प्रश्न घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने विचारायचे असतात, ते त्यांच्या मुलाला विचारू द्या.